सशर्त संभाव्यता
एक घटना घडल्याचे माहीत असताना दुसरीची जी संभाव्यता काढली जाते, ती सशर्त संभाव्यता. ‘ब’ घडली असता ‘अ’ची संभाव्यता म्हणजे दोन्ही एकत्र घडण्याची संभाव्यता भागिले ‘ब’ची संभाव्यता, अर्थात ‘ब’ची संभाव्यता शून्य नसावी. ५२ पत्त्यांतून पहिला एक्का निघाला व तो परत ठेवला नाही, तर दुसराही एक्का निघण्याची संभाव्यता ३/५१, म्हणजे १/१७.

सूत्र सोपे आहे. घोळ होतो तो अट उलटवताना. समजा, १,००० जणांपैकी १० जणांना एक आजार आहे. चाचणी त्यांपैकी ९ जणांना पकडते, पण ९९० निरोग्यांपैकी ९९ जणांनाही आजारी ठरवते. आजारी माणसाची चाचणी सकारात्मक येण्याची संभाव्यता ९/१०. मात्र सकारात्मक आलेला माणूस खरोखर आजारी असण्याची ९/१०८, जेमतेम ८.३ टक्के. या दोन संख्यांची गल्लत शिकलीसवरलेली माणसेही सर्रास करतात. अशी उलट दिशेची संभाव्यता काढण्याचा नियम टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखला जातो. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, रिचर्ड प्राइसने प्रसिद्धीस आणला.