ओवाळणी आणि सातबारा

भाऊबीजेला बहीण ओवाळते, भाऊ तबकात ओवाळणी टाकतो. आणि पुष्कळ घरांत त्याच चार दिवसांच्या मुक्कामात, फराळाच्या बशा उचलल्या गेल्यावर, हक्कसोडाच्या कागदाचा विषय हळूच निघतो. सणाच्या अंकात वाटणीची भाषा कशाला, असे कोणी म्हणेल. पण माहेरवाशीण आणि वारसाचा कागद यांची गाठ दिवाळीतच पडते, त्याला आमचा काय इलाज?

यवतमाळ जिल्ह्यातील महागावचेच पाहा. आज हा स्वतंत्र तालुका आहे. पूर्वी तो पुसद तालुक्यात मोडे, आणि पुसद १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होते. मुलूख वऱ्हाडचा; नावाची मालकी निजामाची, कारभार १८५३ पासून इंग्रजांचा. कोर्टात मात्र हिंदू घराचा वारसा ठरे तो या दोघांच्याही आधीच्या ग्रंथावरून. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या पदरी असलेल्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीचा भागीदार होतो, हे तिचे सूत्र. त्या सूत्रात मुलीला जागा नव्हती.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. समजा, एका शेतकऱ्याची वडिलोपार्जित २७ एकर जमीन आहे. तो वारला, मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. जुन्या कायद्याने सत्तावीसच्या सत्तावीस एकर मुलाचे. आईला पोटगी, मुलीला लग्नाचा खर्च. बस्स.

पहिली फट पाडली ती मुंबईचे शस्त्रवैद्य डॉ. गो. वि. देशमुख यांनी. त्यांच्या खटपटीने १९३७ साली विधवेला नवऱ्याच्या हिश्शात हक्क मिळाला, पण तो हयातीपुरता. त्यातही, शेतजमिनीला हा कायदा लागू पडत नाही असे फेडरल कोर्टाने १९४१ साली ठरविले. ज्या वऱ्हाडात बहुतेक मिळकत म्हणजे शेत, तेथे अशा कायद्याचा उपयोग तो काय? पुढे प्रांतोप्रांती दुरुस्त्या झाल्या तेव्हा कोठे बाई बांधापर्यंत पोहोचली. हिंदू कोडासाठी डॉ. आंबेडकरांनी केवढा झगडा दिला आणि बिल रखडल्यावर १९५१ साली मंत्रिपद कसे सोडले, हे सर्वांना ठाऊक आहे.

त्या कोडाचा एक तुकडा, हिंदू वारसा कायदा, १७ जून १९५६ ला अमलात आला. महागाव त्या दिवशी मध्यप्रदेशात होते! नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला; कायदा मात्र तोच राहिला. विधवेचा हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा झाला. आता आमच्या २७ एकरांचा हिशेब असा: बाप मरणापूर्वी वाटणी झाली असे धरायचे, बाप, आई, मुलगा यांना नऊ-नऊ. मग बापाचे नऊ तिघा वारसांत तीन-तीन. आई बारा, मुलगा बारा, मुलगी तीन. शून्याचे तीन झाले, हे खरे. पण भावाचे बारा ते बाराच.

महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला जन्मतः भागीदार केले, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेलीला वगळले. म्हणजे एकाच आईच्या दोन लेकी, थोरली बाहेर आणि धाकटी आत! हा भेद ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने गेला. आणि त्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी ठरविले. आता चौघांना पावणेसात-पावणेसात, बापाचे पावणेसात तिघांत सव्वादोन-सव्वादोन. आई नऊ, मुलगा नऊ, मुलगी नऊ. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

याच भागातील आंध आणि गोंड घरांना, अनुसूचित जमाती म्हणून, १९५६ चा कायदा मुळातच लागू नाही. तेथील लेकींची वाट निराळी आणि अधिक बिकट आहे.

मृत्युपत्राचे काय? बाप आपला हिस्सा आणि स्वकष्टार्जित मिळकत कोणालाही लिहून देऊ शकतो; मुलांच्या जन्मसिद्ध हिश्शांना हात लावू शकत नाही. १९२७ पूर्वी बंगाल आणि मुंबई-मद्रास शहरांबाहेरच्या हिंदूचे तोंडी मृत्युपत्रही चाले. आता लेखी हवे, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नोंदणी ऐच्छिक. ज्या प्रोबेटच्या धास्तीने लोक मृत्युपत्र टाळतात, त्याची सक्ती १८७० च्या कायद्याने आली ती बंगाल आणि मुंबई-मद्रास शहरांपुरती. महागावच्या शेतासाठी ती कधीच नव्हती.

इतके होऊनही सातबाऱ्यावर कित्येक ठिकाणी मेलेल्या आजोबांचेच नाव राहिले. इतके की २०२५ साली सरकारला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढावी लागली. वारसाचा फेरफार झाला म्हणजे मालकी ठरली असेही नव्हे, तो महसुलापुरता. पण नावच नसेल तर बँकेचे पीककर्जही अडते. बहिणीचे नाव लागते, आणि लागताच हक्कसोडाची घाई सुरू होते.

बहिणी सही का करतात? भित्रेपणाने, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सासरी काही बिनसले तर परतायला माहेरचे दार उघडे हवे. त्या दाराची किंमत ती नऊ एकरांत मोजते. काही भावांनी ते दार जन्मभर उघडे ठेवलेही आहे. पण नऊ एकर म्हणजे नऊ एकर, हे तिला आधी कोणी सांगितलेले असते काय? हक्कसोडपत्राची नोंदणी लागते, म्हणून दुय्यम निबंधकासमोर तिला उभे राहावे लागते. तेथे तिला विचारतात तो प्रश्न एकच: दस्त तुम्हीच करून दिला ना, सही तुमचीच ना? ती मान डोलावते. भाऊ बाहेर गाडी काढून उभा असतो. संध्याकाळच्या आत तिला सासरी पोहोचायचे असते.