धरणाशेजारची तहान आणि नारूची गोष्ट

उन्हाळा लागला की आपल्या खर्डीकडच्या पाड्यांवर एकच विषय असतो, टँकर कधी येणार? एका अंगाला तानसा, दुसऱ्या अंगाला भातसा, तरी आपला हंडा रिकामा. हे आजचं नाही.

तानसा धरण इंग्रजांच्या काळात मुंबईसाठी बांधलं. १८९२ साली त्याचं पाणी शहरात पोचलं. १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर झालं, पुढे भातसा. आज मुंबईच्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास एकट्या भातशाचं आहे. ते शुद्ध होऊन नळाला जातं. आपण मात्र विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतो. त्यातूनच जुलाब, कावीळ, टायफॉइड घरात येतात. पहिल्या पावसात तर सगळी घाण वाहून विहिरीत उतरते.

मग आपल्या हातात काय आहे? आजीला नारूबद्दल विचारा. पायातून दोऱ्यासारखा किडा निघायचा, तो काडीला गुंडाळत दिवसेंदिवस ओढावा लागायचा. असा पाय पायऱ्यांच्या विहिरीत बुडाला की किडा पाण्यात अळ्या सोडायचा. पाण्यातले बारीक जीव त्या गिळायचे, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभर नवा नारू वाढायचा. त्यावर ना लस होती, ना औषध.

तरीही नारू गेला. १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली. पाणी कापडाने गाळायचं, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करायच्या, हातपंप बसवायचे. शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. घरोघर पाणी गाळणारे हात बहुतेक बायकांचेच होते.

मात्र कावीळ-जुलाबाचे जंतू कापडाने अडत नाहीत. त्यासाठी पाणी गाळून उकळायला हवं. विहिरीत टीसीएल पावडर पडली का, हे जलसुरक्षकाला विचारायला हवं. टँकरचं पाणी विहिरीत ओतलं तरी पावडर लागतेच. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे. त्या पाच कोण, हे येत्या ग्रामसभेत आपण सगळ्या गटांनी मिळून विचारू. नसतील, तर आपली नावं देऊ.

गाळणं, उकळणं आपलं काम आहेच. पण धरणाशेजारी राहून तहानलेलं राहणं हे आपलं नशीब नाही, हेही तिथेच बोलू.