६१७४ ला थांबणारं लूप

आज कागद-पेन घेऊन बसा, नाहीतर मोबाइलचं कॅल्क्युलेटर उघडा. गाडीवर ऐकत असाल तर घरी पोचल्यावर करा.

यवतमाळचा एसटीडी कोड आठवतोय का? लँडलाइन गेली, पण दुकानांच्या जुन्या पाट्यांवर दिसतो अजून. ०७२३२. सुरुवातीचं शून्य सोडा, राहिले ७२३२. हे आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा: ७३२२. मग उलटे लावा: २२३७. वजाबाकी करा, ५०८५. आता या ५०८५ वर पुन्हा तेच करायचं. ७९९२ येतात. पुढे ७१७३, मग ६३५४, ३०८७, ८३५२ आणि सातव्या फेरीला ६१७४. आठवी फेरी करून बघा: ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! गाडी तिथेच अडकली.

हा खेळ शोधला आपल्याच एका मास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजला शिकले, १९२७ साली गणिताचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलं आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवलं. पुढची मोठी पदवी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. आकड्यांशी खेळणारा माणूस म्हणून इथल्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. मला हा उशीर खटकतो.

आता काळ बघा. ही क्रिया १९४९ च्या सुमाराची. त्याच १९४९ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये केंब्रिजला एडसॅक नावाच्या संगणकाने पहिला प्रोग्राम चालवला: ० ते ९९ पर्यंतच्या संख्यांचे वर्ग काढून छापले. म्हणजे काय, तर लूपच. तिकडे खोली भरणारं यंत्र एकच क्रिया पुन्हा पुन्हा करत होतं, इकडे देवळालीत एक मास्तर कागदावर.

पण दोन्ही लूप एका जातीची नाहीत. एडसॅकला शंभर फेऱ्या करायच्या हे आधीच ठाऊक होतं. अशा कामाला फॉर लूप लागतं. १९६४ मध्ये अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी खास नवशिक्यांसाठी बेसिक भाषा बनवली, त्यात फॉर-नेक्स्ट पहिल्यापासून होतं. कापरेकरांच्या क्रियेत मात्र फेऱ्या किती, हे आधी सांगता येत नाही. एखाद्या नंबराला एक पुरते, एखाद्याला सात. इथे लागतं व्हाइल, म्हणजे 'अमुक होईपर्यंत चालू ठेव'. आणि ते 'अमुक' चुकलं की मोबाइल तापेल पण उत्तर येणार नाही.

खरं वाटत नसेल तर दोनच अंक घ्या. ८१ वरून ६३, मग २७, ४५, ०९, आणि परत ८१. हे कधीच एका आकड्यावर थांबत नाही, बैल चरकाभोवती फिरावा तसं फिरतं. 'आकडा बदलायचा थांबेपर्यंत चालव' असं लिहिलंत तर हे लूप संपणारच नाही. तीन अंकांना मात्र ४९५ वर मुक्काम मिळतो.

अजून एक खड्डा. १११२ घ्या. २१११ वजा १११२, उरले ९९९. कागदावर तुम्ही ०९९९ लिहाल. संगणक पुढचं शून्य गिळतो, पुढच्या फेरीला ९९९ वजा ९९९ करतो आणि शून्यावर बसतो. शून्य जपलं तर ८९९१, ८०८२, ८५३२ करत ६१७४ येतंच.

मग सगळेच चार अंकी नंबर तिथे पोचतात, हे कशावरून? ११११, २२२२ असे सगळे अंक सारखे असलेले दहा वगळले की ९९९० उरतात. आज मोबाइलवर लूप लावून सगळे तपासता येतात, डोळा मिटायच्या आत. पण थोडं थांबून बघा. वजाबाकीचं उत्तर दोनच गोष्टींवर ठरतं: सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्याला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, बेरीज करा. ७३२२ मध्ये फरक ५ आणि १, म्हणजे ४९९५ अधिक ९०, झाले ५०८५. अशा फरकांच्या जोड्या फक्त ५४ होतात. ९९९० फेऱ्यांचं काम ५४ वर आलं, आणि ५४ तर वहीच्या दोन पानांत मावतात.

तर पुढच्या भागापर्यंत आपापल्या गाडीच्या एमएच-२९ पाटीवरचे शेवटचे चार आकडे घेऊन हे करा आणि किती फेऱ्या लागल्या ते कळवा. यवतमाळच्या कोडला हरवायच्या भानगडीत पडू नका. सातच्या वर कोणी जातच नाही.