शॅननपलीकडचे विजेते

दिल्लीच्या कॉनॉट प्लेसमुळे ‘कॉनॉट’ हे नाव आपल्या कानांवरून गेलेले असते. ते पडले व्हिक्टोरिया राणीच्या तिसऱ्या पुत्राच्या किताबावरून, आणि तो किताब आला आयर्लंडच्या पश्चिमेकडील एका प्रांतावरून. त्या प्रांताचा इतिहास मात्र वैभवाचा नाही. क्रॉमवेलच्या विजयानंतर, १६५० च्या दशकात, कॅथलिक जमीनदारांच्या जमिनी हिरावून घेऊन त्यांना शॅनन नदीपलीकडे, याच प्रांतात धाडण्यात आले. पुढे महादुष्काळात मृत्यू आणि स्थलांतर यांमुळे येथील लोकसंख्या १८४१ ते १८५१ या दहा वर्षांत सुमारे १४ लाखांवरून १० लाखांवर आली. आयर्लंडच्या चार प्रांतांत ती आजही सर्वांत कमी आहे. या प्रांताच्या रग्बी संघाने २०१६ साली ‘प्रो १२’ ही साखळी स्पर्धा जिंकली. त्या विजयाकडे या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे.

रग्बी युनियन हा खेळ १९९५ साली अधिकृतपणे व्यावसायिक झाला. आयर्लंडमध्ये चार प्रांतांचे चार व्यावसायिक संघ उभे राहिले. त्यांत कॉनॉटचे स्थान नेहमीच दुय्यम होते. पैसा आणि नामवंत खेळाडू अन्य तिघांकडे. २००३ च्या आरंभी तर खर्च कमी करण्यासाठी हा व्यावसायिक संघच बंद करण्याचा विचार आयरिश रग्बी महासंघाने केला. तेव्हा चाहते आणि खेळाडू यांनी डब्लिनमध्ये महासंघाच्या कार्यालयावर मोर्चा नेला. संघ वाचला. त्याच वर्षी जॉन मल्डून नावाचा एक तरुण या संघाकडून प्रथम मैदानात उतरला.

२०१५-१६ च्या हंगामात हाच मल्डून कर्णधार होता. प्रशिक्षक पॅट लॅम हे सामोआचे माजी कर्णधार. दुबळ्या संघाने चेंडू लाथाडून दूर पाठवावा आणि बचाव करीत राहावे, हा रूढ संकेत त्यांनी मोडला; स्वतःच्या गोलरेषेजवळूनही चेंडू हातांत राखून पास देत पुढे जाण्याची शिस्त त्यांनी संघाला लावली. नोव्हेंबर २०१५ मध्ये लिमरिकच्या थॉमंड पार्कवर संघाने मन्स्टरला हरविले. तेथे असा विजय १९८६ नंतर प्रथमच मिळत होता. साखळीत दुसरे स्थान मिळाले. उपान्त्य सामन्यात गतविजेत्या ग्लासगोचा १६-११ असा पराभव झाला, तोही गॉलवेच्या त्या साध्या मैदानावर, ज्याच्या भोवती ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींची धावपट्टी आहे. २८ मे २०१६ रोजी एडिंबरोला अंतिम सामना झाला. समोर होता डब्लिनचा लेन्स्टर, तीन वेळचा युरोपीय विजेता. कॉनॉटने २०-१० असा विजय मिळविला.

त्या सामन्यात कॉनॉटसाठी ‘ट्राय’ नोंदविणारे तिघे कोण होते? टियर्नन ओ’हॅलरन गॉलवे परगण्यातील. नीयी अडेओलोकुन नायजेरियात जन्मलेला. मॅट हीली डब्लिनचा. हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला बंडी आकी न्यूझीलंडहून आलेला. ज्या भूमीतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेर गेली, तिचे नाव आता बाहेरून आलेली माणसे अभिमानाने धारण करीत होती. प्रांतीय अस्मिता केवळ वारशाने मिळत नाही, ती घडविताही येते, याचा हा लक्षणीय दाखला म्हणावा लागेल.

या विजयाला अनेकांनी परीकथा म्हटले. या शब्दाविषयी मला संकोच वाटतो. परीकथेत जमाखर्च नसतो आणि मोर्चाही नसतो. शिवाय परीकथा विजयापाशी संपते. येथे तसे झाले नाही. रॉबी हेनशॉ त्याच उन्हाळ्यात लेन्स्टरकडे गेला, पुढच्या हंगामात संघ आठव्या स्थानी घसरला आणि लॅम ब्रिस्टलला गेले. केंद्र आणि परिघ यांचे नाते एका चषकाने बदलत नाही.

तरीही २००३ चा हिशेब मान्य झाला असता, तर २०१६ चा प्रश्नच उद्भवला नसता. मल्डूनच्या हातांतील चषकाचे श्रेय म्हणूनच त्या मोर्चात चाललेल्या अनामिकांकडेही जाते. इतिहास विजेत्यांची नोंद ठेवतो; त्यांना मैदानात टिकवून धरणाऱ्यांची नोंद आपण ठेवावयास हवी.