ढासळण्यासाठी रचलेले दगड

भिंत ढासळली की बांधकाम कच्चे होते असे आपण म्हणतो. नदीकाठी मात्र काही दगड मुद्दाम असे पसरलेले असतात, की वेळ येताच ते ढासळावेत. हे कसे सुचले असेल?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंजाबात रेल्वे पसरली. तिथल्या नद्या गाळाच्या मैदानातून वाहतात. पुरात त्यांचे पात्र कित्येक किलोमीटर रुंद होते आणि प्रवाह सतत जागा बदलतो. अशा नदीला पुलाखालूनच न्यायचे, तर काठ पक्के हवेत. पण पूर काठाच्या पायथ्याची वाळू खणून नेतो. पायाच उघडा पडला, तर चुन्यात बांधलेली भक्कम भिंतही कोसळते.

रेल्वेचे इंजिनियर जे. आर. बेल यांनी यावर तोड काढली. १८८०च्या दशकाच्या अखेरीस मुलतानजवळ शेरशाह येथे चिनाबवर पूल झाला. तिथे पुलाच्या दोन्ही टोकांपासून नदीच्या वरच्या अंगाला लांब बांध घातले. त्यांच्या उतारावर दगड बसवले आणि पायथ्याशी तळावर सुट्या दगडांचा जाड थर पसरला. इंजिनियर या थराला ‘लाँचिंग एप्रन’ म्हणतात. आपण त्याला दगडांचा पदर म्हणू या.

पाणी पदराच्या कडेखालची वाळू खणू लागले, की कडेचे दगड खड्ड्यात घरंगळतात. खड्डा खोल होईल तसे मागचे दगड उतरतात. अखेर खणलेल्या उतारावरच दगडांचे अस्तर तयार होते आणि पुढची धूप थांबते. दगड चुन्याने सांधले असते, तर हे घडले नसते. १९०३ साली फ्रान्सिस स्प्रिंग यांनी या पद्धतीचे नियम ग्रंथरूपाने मांडले.

दगड केवढा हवा? पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते सुमारे ६४ पट वजनाचा दगड हलवू शकते, कारण हे वजन वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. वेगाचा अंदाज थोडा चुकला, तरी दगड हलका ठरतो.

आणि नदी आपली चाल बदलत राहते. पद्मेवरचा हार्डिंग पूल (आज बांगलादेशात) १९१५ मध्ये सुरू झाला. तिथेही असेच बांध होते. तरी १९३३ साली उजव्या बांधाला भगदाड पडले. पुढे पुण्याजवळ खडकवासल्याला क्लॉड इंग्लिस यांनी नदीच्या लहान प्रतिकृतीत पाणी सोडून या प्रश्नाचा अभ्यास केला. दगडांचा पदर एकदा पसरून भागत नाही. पूर ओसरला, की किती दगड उतरले ते पाहून नवी भर घालावी लागते.

हे वर्गात करून पाहता येईल. पसरट ट्रेमध्ये वाळूचे दोन सारखे काठ करा. एकाच्या पायथ्याशी सुटी खडी पसरा, दुसऱ्याच्या पायथ्याशी पट्टी उभी करा. मग पाणी सोडा. आधी कोणता काठ खचतो?