ट्रॅमाडॉल

अफूवर्गीय कृत्रिम वेदनाशामक. जर्मनीच्या ग्रुनेन्थाल कंपनीने ते १९७७ मध्ये बाजारात आणले. ‘सौम्य’ अशी त्याची ख्याती झाली. ती निम्मीच खरी.

मळमळ, गरगरणे, घाम आणि चिवट बद्धकोष्ठता हे नेहमीचे दुष्परिणाम. मात्रा वाढली की फिट येऊ शकते. काही नैराश्यरोधक गोळ्यांसोबत घेतल्यास सेरोटोनिनचा अतिरेक जिवावर बेतू शकतो.

हे औषध मेंदूत अफूसारखे तर काम करतेच, शिवाय सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिनही वाढवते. म्हणून ते अचानक तोडले की नाक गळते, जुलाब होतात, पाय स्वस्थ राहत नाहीत. काहींना वर धडकी भरते, हातापायांना मुंग्या येतात, क्वचित भासही होतात.

भारताने २०१८ मध्ये ते अमली पदार्थ कायद्याखाली आणले. गोळी बंद करायची, तर मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवावी.