मोळीवाल्याची कॅसेट

आमच्या आजोळी लेड झेपेलिनच्या चौथ्या रेकॉर्डला 'मोळीवाला' म्हणत. त्या रेकॉर्डला नाव नव्हतंच. नोव्हेंबर १९७१मध्ये ती निघाली तेव्हा जिमी पेजनं हट्टच धरला होता, की वेष्टनावर ना बँडचं नाव हवं ना रेकॉर्डचं. होतं काय, तर कागद सोलून निघालेली एक भिंत, भिंतीवर तसबीर, आणि तसबिरीत पाठीवर काठ्यांचा भला मोठा भारा घेऊन वाकलेला दाढीवाला म्हातारा. आजीनं चष्मा वर सारून ते वेष्टन उलटंपालटं केलं आणि मामाला विचारलं, "हा मोळीवाला गातो का रे?" तेव्हापासून ते नाव पडलं ते पडलंच.

ही गोष्ट १९८४च्या मे महिन्यातली. मी बारा वर्षांची, गिरगावात सुट्टीला आलेली. रेकॉर्ड मामाची नव्हती. त्याचा एक मित्र बोटीवर नोकरीला होता. वर्षातून एकदा घरी यायचा आणि येताना रेकॉर्डी, जीन्स, अत्तर, काय काय आणायचा. त्याच्याकडून मामानं ती रेकॉर्ड आणि रेकॉर्ड-प्लेअर दोन्ही एका दुपारीपुरतं मागून आणलं होतं. संध्याकाळी परत द्यायचं, म्हणून हाताशी होती त्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घ्यायचं ठरलं. जोडायची वायर कुणाकडेच नव्हती. मग मामानं टू-इन-वन उचलून स्पीकरच्या पुढ्यात पाटावर ठेवला, दाराला कडी घातली, पंखा बंद केला आणि आम्हा सगळ्यांना बजावलं, "आता अर्धा तास कुणी खोकायचं नाही."

आजी खोकली. ते कॅसेटवर आहे. चौथं गाणं जिन्याचं, स्वर्गाला जाणाऱ्या. ते फार हळू सुरू होतं, नुसती गिटार आणि बासऱ्या. नेमका तेव्हाच खालून कल्हईवाला गेला. "कल्हईऽऽऽ" अशी त्याची हाळी पेजच्या दोन सुरांच्या मधोमध इतकी बेमालूम बसली, की पुढे कित्येक वर्षांनी मी मूळ गाणं स्वच्छ ऐकलं तेव्हा त्या जागी काहीतरी गळून पडल्यासारखं वाटलं. आजही वाटतं.

मग मामानं रेकॉर्ड उलटी केली. सहावं गाणं 'फोर स्टिक्स', चार काठ्या. ढोल वाजवणारा जॉन बॉनम यात दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवतो, म्हणून हे नाव. आजोबा आतापर्यंत भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. रामाच्या देवळातल्या भजनाला ते नेमानं बसायचे, पखवाज वाजवायचे नाहीत पण पखवाजवाला चुकला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. या गाण्याला त्यांची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. थांबली. पुन्हा हलली. खोकायचंसुद्धा नाही हा नियम मोडून ते मोठ्यानं म्हणाले, "पाच धरलेत. आता सहा. परत पाच." मामानं हात जोडले. कॅसेटवर हेही आहे. आणि गाणं संपत आलेलं असतानाच टू-इन-वनचं बटण खट्‌कन वर आलं. साठ मिनिटांची कॅसेट एका बाजूला तीसच मिनिटं चालते, हा हिशोब कुणी केलाच नव्हता.

उरलेली दोन गाणी दुसऱ्या बाजूला गेली. त्यापुढे जागा रिकामी होती, तिथं पुढे मामीनं भीमसेनांचे अभंग भरले. कॅसेटच्या कार्डावर मामाच्या वळणदार अक्षरात 'मोळीवाला' आणि त्याखाली मामीच्या अक्षरात 'अभंग, नंतर पुसू नये'. जिमी पेज मला सापडला तो असा.

मामाला तो कसा सापडला, हे त्यानं मला अनेकदा सांगितलं आणि दर वेळी थोडं वेगळं सांगितलं. ठाम इतकंच की सत्तरच्या सुमाराला तो फोर्टात एका कचेरीत कारकून म्हणून लागला, आणि डबा दहा मिनिटांत संपवून उरलेली जेवणाची सुट्टी काळ्या घोड्याजवळच्या 'ऱ्हिदम हाउस'मध्ये काढायचा. तिथं काचेच्या खोल्या होत्या. रेकॉर्ड मागायची, खोलीत उभं राहून ऐकायची, पसंत पडली तर घ्यायची. मामाच्या पगारात पसंत पडण्याची सोय नव्हती. त्यामुळे चेहरा गिऱ्हाइकाचा ठेवून ऐकायचं आणि "उद्या बघतो" म्हणून बाहेर पडायचं, हे तो इतकं सराईतपणे करायचा की काउंटरवरची माणसं त्याला बघून हसायची. एका कथनात झेपेलिनची पहिली रेकॉर्ड त्यानं तिथं ऐकली. दुसऱ्यात बोटीवरच्या मित्राच्या घरी. तिसऱ्यात कलकत्त्याच्या 'जेएस' साप्ताहिकात त्यानं आधी पेजचा फोटो पाहिला, सारंगीसारखा गज घेऊन गिटारीवर घासणारा, आणि ही काय भानगड म्हणून शोधत निघाला. पेज खरोखरच व्हायोलिनचा गज गिटारीवर चालवायचा. मला ही तिसरी गोष्ट सगळ्यात आवडते, म्हणून मी तीच खरी धरून चालते.

त्या पिढीतल्या माणसांना विषय काढून द्यावा आणि गप्प बसावं. कुणाला आधी रेडिओ सिलोन आठवतो, कुणाला व्हॉइस ऑफ अमेरिकेची खरखर. आणि मग हमखास १९७२ येतं. त्या वर्षी पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट मुंबईत आले होते, आणि कुलाब्यातल्या 'स्लिप डिस्क' नावाच्या डिस्कोथेकमध्ये तिथल्याच पोरांची वाद्यं हातात घेऊन दोघं वाजवायला उभे राहिले. ही काही दंतकथा नव्हे, हे घडलंय. अडचण पुढेच आहे. आपण त्या रात्री तिथं होतो असं मला आजवर ज्या ज्या लोकांनी सांगितलंय, ते सगळे खरंच तिथं असते तर त्या डिस्कोथेकच्या जागी दादरचं शिवाजी मंदिर लागलं असतं, बाल्कनीसकट.

मामा मात्र म्हणायचा, "मी नव्हतो. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. मग संध्याकाळी आम्ही तिघं कुलाब्याला गेलो आणि दरवाज्यासमोर उभे राहिलो. आत जायला पैसे पडत होते. तासाभरानं भुर्जीपाव खाऊन परत आलो." न पाहिल्याची गोष्ट इतक्या प्रेमानं सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणून त्याची पुढची गोष्ट थाप वाटायची नाही, पण खरीही वाटायची नाही. ती अशी, की या दोघांनी इथल्या वाजवणाऱ्यांना घेऊन इथंच, मुंबईत, रेकॉर्डिंगही केलं. आणि त्यात 'चार काठ्या' होतं.

कॉलेजात असताना मी याचा पत्ता लावायला निघाले होते. एका मैत्रिणीच्या ओळखीनं धोबी तलावाला एक म्हातारे गोवेकर व्हायोलिनवादक भेटले. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत व्हायोलिनच्या रांगा बहुतेक गोव्याच्या लोकांनी भरलेल्या असत. नोटेशन समोर ठेवलं की वाचून वाजवणारी ही माणसं. मी विचारलं, "अंकल, गोऱ्यांबरोबर वाजवलंत का कधी? लांब केसांचे दोघं?" ते बराच वेळ आठवत राहिले. "एक आला होता मिशीवाला. फार नम्र. हात जोडायचा." हा मिशीवाला जॉर्ज हॅरिसन असावा असं मला वाटतं. जानेवारी १९६८मध्ये त्यानं मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं होतं. मी म्हटलं, तो नव्हे, दुसरा. तेव्हा ते हसले. "बाय, आम्ही शिफ्टवर जायचो. कागद समोर, छडी वर, वाजवायचं. हिरो कोण ते कोण विचारतो? पैसे कुणाकडून घ्यायचे ते विचारायचं." एवढं बोलून त्यांनी मला नारळाचं दोदोल खायला दिलं. माझा इतिहास-संशोधनाचा उद्योग तिथंच संपला.

पेजला स्वतःला गिटार सापडली ती गोष्ट आमच्या चाळीत घडली असती तरी शोभली असती. लहानपणी त्याचे आईवडील लंडनबाहेर एप्समला राहायला गेले, तर त्या घरात आधीचं बिऱ्हाड एक गिटार टाकून गेलेलं. ती बरीच वर्षं नुसती पडून होती. मग एल्विस प्रेस्लीचं एक गाणं कानावर पडलं, 'बेबी लेट्स प्ले हाउस', त्यात स्कॉटी मूरची गिटार. आणि पोरगं कोपऱ्यातलं ते धूड घेऊन शाळेतल्या एका मुलाकडे गेलं, हे लावायचं कसं ते दाखव म्हणून. १९५७ साली तेरा वर्षांचा असताना तो बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमात वाजवताना दिसतो. मोठेपणी काय होणार असं विचारल्यावर तो जीवशास्त्रातल्या संशोधनाचं काहीतरी सांगतो. त्याला मीही भेटले असते तर दोदोलच दिलं असतं.

हा गृहस्थ उचलेगिरीत पटाईत होता, हेही सांगायला हवं. भक्तांना ते आवडत नाही. विली डिक्सन या काळ्या ब्लूजवाल्यानं 'होल लोटा लव्ह'बद्दल १९८५मध्ये दावा लावला आणि दोन वर्षांनी तडजोड झाली. पहिल्या रेकॉर्डवरचा 'ब्लॅक माउंटन साइड' हा तुकडा तर सरळसरळ बर्ट जान्श या गिटारवाल्यानं बसवलेल्या जुन्या लोकगीतावरून घेतलेला, नाव मात्र पेजचं. पण त्याच तुकड्यानं आमच्या घरात एक गंमत केली. त्यात तबला आहे, लंडनच्या विराम जसानींचा. आणि त्यातली गिटार नेहमीसारखी लावलेली नाही. डी, ए, डी, जी, ए, डी अशा सहा तारा. कॉलेजातल्या एका मुलाकडून हे लावणं शिकून मी मामाची सेकंडहँड गिटार तशी लावली आणि तारा एकेक करून सोडल्या. आजोबा तेव्हा फारसे उठत नव्हते. पडल्या पडल्या म्हणाले, "सा, प, सा, म, प, सा. तंबोऱ्यासारखंच लावलंय की. याला मग डोकं कशाला लागतं?" मी ते पेजची निंदा म्हणून ऐकलं. मामा म्हणाला, दादांनी त्याला पास केलं.

२०१५च्या जुलैत झेपेलिनची शेवटची 'कोडा' ही रेकॉर्ड नव्यानं निघाली, जोडीला न वापरलेल्या तुकड्यांसह. त्यात दोन तुकड्यांपुढे वाजवणारे म्हणून छापलं होतं: बॉम्बे ऑर्केस्ट्रा. एक 'फ्रेंड्स', आणि दुसरा 'फोर स्टिक्स'च, फक्त नाव बदलून 'फोर हँड्स', चार हात. १९७२चं रेकॉर्डिंग. त्रेचाळीस वर्षं ते कुठल्याशा डब्यात पडून होतं आणि मामा इकडे लग्नाकार्यांत लोकांना सांगत होता, आणि लोक जिलबी वाढून घेत होते.

मोळीवाल्याचंही कोडं २०२३मध्ये सुटलं. तो फोटो व्हिक्टोरिया राणीच्या काळातला निघाला. अर्नेस्ट फार्मर नावाच्या फोटोग्राफरनं काढलेला. आणि म्हातारा म्हणजे विल्टशरमधल्या मिअर गावचा लॉट लाँग, घरांची छपरं शाकारणारा. त्या काठ्या जळणाच्या नव्हत्याच. आता माझी पंचाईत अशी, की मला आजी पाटावर बसून स्पष्ट आठवते. कोकणातली बाई, पावसाच्या आधी घर शाकारताना बघत वाढलेली. वेष्टन डोळ्यांजवळ धरून ती म्हणते, "जळणाची लाकडं अशी निवडून कोण बांधतं? शाकारायला निघालाय बापडा." तरीही नाव तिनंच 'मोळीवाला' ठेवलं. हे ती खरंच म्हणाली, की बातमी वाचल्यावर मी तिच्या तोंडी घातलं, ते शपथेवर सांगता येणार नाही. कॅसेटवर हे नाही. खोकला आहे.

'चार हात' आम्ही मामाच्या डोंबिवलीच्या घरी ऐकलं, २०१५च्याच गणपतीत. मामा पासष्टीचा, डाव्या कानाला यंत्र. बाहेर आरतीच्या टाळांची तयारी चालली होती. मी फोन छोट्या स्पीकरला जोडला आणि तो पाटावर ठेवला, सवयीनं. तबला आला, मागून तारांचा ताफा. मामानं काही विचारलं नाही. आजोबांसारखीच त्याची बोटं गुडघ्यावर चालायला लागली, पाच, मग सहा, मग परत पाच. तो धोबी तलावाचा म्हातारा या रांगेत होता का, असं माझ्या मनात येत होतं. मामी दारात ताम्हन घेऊन उभी राहिली आणि तिनंही आरती पाच मिनिटं पुढे ढकलली.

गाणं संपत आलं, अगदी ती जागा आली, आणि मामाचा हात आपोआप पुढे झाला. स्पीकरच्या दिशेनं, बोटं बटण शोधत.

"पलट," तो म्हणाला, "पुढे अभंग आहेत."